पाण्याकडे नेणारे रस्ते आधी आखा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाण्याकाठच्या जुन्या गोद्या, गोदामे आणि कारखाने हलले की त्या जमिनीवर निवासी इमारती उभ्या राहू लागतात आणि दहा-पंधरा वर्षांत तिथे एक अख्खी नवी वस्ती वसते. अशा वस्तीच्या आराखड्याची बातमी आली की तिच्याबरोबर बहुधा एकच चित्र छापून येते: काठावरचा रुंद पदपथ, त्यावरून निवांत फिरणारी कुटुंबे आणि शेजारी निळेशार पाणी. रस्त्यांची आखणी करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की हे चित्र पाहताना पहिला प्रश्न मनात यायला हवा तो असा, की ही माणसे तिथवर आली कशी? काठालगतच्या इमारतींत राहणारे सोडले तर बाकी सर्वांना पाण्यापर्यंत नेतात ते वस्तीच्या पोटातून काठाकडे जाणारे आडवे रस्ते, आणि नेमके तेच सर्वांत शेवटी, घाईघाईने आणि उरल्यासुरल्या पैशांत केले जातात. हा क्रम बदलायला हवा. आधी हे आडवे रस्ते आणि मोकळ्या जागा नकाशावर पक्क्या कराव्यात, मग भूखंडांचे वाटप व्हावे आणि काठावरचा देखणा पदपथ त्यानंतर यावा.

मुळात हे रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी आखलेलेच नसतात. गोदामाच्या दाराशी ट्रक मागे घेऊन लावता यावा म्हणून कित्येक ठिकाणी पदपथ ठेवलेलाच नसतो. पुढे घरे येतात तेव्हा प्रत्येक विकासक आपल्या भूखंडासमोरचा तेवढाच तुकडा बांधतो, आणि एकाच्या तुकड्याची उंची शेजारच्या तुकड्याशी जुळत नाही. अशाच एका रस्त्याने मी एकदा घरातल्या एका वृद्धांची व्हीलचेअर ढकलत पाण्याकडे निघालो होतो. पहिल्या इमारतीच्या फाटकापाशी मोटारींसाठी पदपथ रस्त्याच्या बाजूला इतका उतरवलेला होता, की खुर्ची एका अंगाला कलू लागली आणि मला ती दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागली. दुसऱ्या इमारतीसमोर विजेची पेटी आणि भिंत यांच्यामध्ये खुर्चीची चाके मावतील एवढीही फट नव्हती, म्हणून मागे येऊन रस्त्यावर उतरलो. त्यापुढे पदपथ वीतभर उंच होता आणि त्यावर चढायला उतार नव्हता. समोर दोनशे पावलांवर पाणी दिसत होते आणि आम्ही तिथूनच परतलो. काठावरचा पदपथ त्या वेळी बांधून तयार होता आणि उत्तम होता, हे मुद्दाम नोंदवतो.

यातली एकही गोष्ट अवघड किंवा फार खर्चाची नाही. फाटकापाशी पदपथ खाली आणण्याऐवजी मोटारीने वर चढून पदपथ ओलांडायचा, म्हणजे चालणाऱ्याची पातळी अखंड राहते. विजेच्या पेट्या, खांब, फलक आणि झाडांची आळी यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला स्वतंत्र पट्टा ठेवायचा आणि उरलेला पट्टा चालण्यासाठी पूर्ण मोकळा ठेवायचा. सर्वांत मोठा लाभ मात्र कोपऱ्यांवर होतो. लांबलचक ट्रक वळावेत म्हणून जुन्या औद्योगिक रस्त्यांचे कोपरे ऐसपैस गोलाईचे ठेवलेले असतात. ट्रक गेल्यावर त्याच गोलाईवरून मोटारी वेग न आवरता वळतात, आणि गोलाईमुळे ओलांडायचे अंतरही वाढलेले असते. चौदा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्ध व्यक्तीला साडेसतरा सेकंद लागतात. दोन्ही बाजूंना कोपऱ्यावरचा पदपथ रस्त्यात पुढे घेऊन तेच अंतर आठ मीटरवर आणले तर दहा सेकंद पुरतात. हे साडेसात सेकंद म्हणजे एखाद्याने संध्याकाळी घराबाहेर पडायचे की नाही, हे ठरवणारा फरक आहे. शिवाय पुढे घेतलेल्या त्या कोपऱ्यात एक झाड, एक बाक आणि पावसाचे पाणी मुरवणारा वाफा बसतो, म्हणजे रस्ता सुधारता सुधारता थोडी मोकळी जागाही पदरात पडते.

मोकळ्या जागांच्या बाबतीत पाण्याकाठच्या वस्त्यांना एक जुना भ्रम नडतो. पाणी एवढे विस्तीर्ण पसरलेले आहे, मग आणखी मैदाने आणि बागा कशाला, असे आराखडा करणाऱ्यांना वाटते. १८११ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाचा चौकटीचौकटींचा प्रसिद्ध आराखडा तयार झाला, तेव्हा आयुक्तांनी जवळपास याच शब्दांत समर्थन केले होते: बेटाला समुद्राच्या विशाल बाहूंनी वेढले आहे, त्यामुळे इतर शहरांना लागते तेवढी मोकळी जागा इथे लागणार नाही. पुढे काठाचा ताबा धक्क्यांनी आणि गोदामांनी घेतला, पाण्याची हवा नागरिकांच्या वाट्याला आली नाही, आणि १८५३ साली कायदा करून बेटाच्या मध्यभागी सेंट्रल पार्कसाठी जमीन संपादन करावी लागली. त्यासाठी सुमारे १६०० रहिवाशांना घरे सोडावी लागली. पाणी नजरेला दिसणे आणि मोकळ्या जागेत पाय टाकता येणे या दोन निराळ्या गरजा आहेत. लहान मुलाला चेंडू मारायला पाणी उपयोगी पडत नाही.

याच्या उलट उदाहरण शिकागोचे आहे. १८३६ साली मिशिगन सरोवराकाठच्या जमिनीचे भूखंड पाडून विक्री सुरू झाली, तेव्हा तिथला कालवा खोदण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांनी नकाशावर काठालगतच्या एका पट्ट्यात लिहून ठेवले, की ही सार्वजनिक जमीन असून ती कायम खुली आणि इमारतींपासून मुक्त राहील. पुढच्या काळात त्या पट्ट्यावर नाना प्रकारची बांधकामे आणि कचरा साठला. पण १८९० पासून सुमारे वीस वर्षे माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने न्यायालयात लढा दिला आणि त्याचा आधार होता तो नकाशावरच्या त्या एका ओळीचा. आज तिथे ग्रँट पार्क आहे. ती ओळ भूखंड विकले जाण्याआधी लिहिली गेली होती, म्हणूनच ती न्यायालयात टिकली. एकदा जमीन विकली गेली, की मोकळ्या जागेसाठी प्रशासनाला बाजारभावाने किंमत मोजावी लागते आणि ती मोजणे सहसा कोणालाही परवडत नाही.

वस्ती वाढू लागल्यानंतर, म्हणजे उशिरा सुरुवात झाली तरी काय करता येते, हे पाहायचे असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्व काठावरच्या डॉगपॅच या भागाकडे पाहावे. जहाजबांधणीचा आणि कारखान्यांचा हा जुना परिसर एका बाजूला महामार्ग आणि रेल्वे व दुसऱ्या बाजूला गोदी यांच्या बेचक्यात सापडलेला आहे. तिथे घरांची संख्या झपाट्याने वाढू लागल्यावर महापालिकेच्या नियोजन विभागाने केवळ रस्ते आणि मोकळ्या जागा यांचा एकत्रित विचार करणारा स्वतंत्र आराखडा रहिवाशांसोबत बसून तयार केला. बाविसाव्या रस्त्यावर उपनगरी रेल्वेचे स्थानक आहे आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की जुन्या गोदीचा काठ लागतो. अशा एकेका रस्त्याचा स्थानकापासून पाण्यापर्यंत सलग विचार करणे, हा मला या कामातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. २०२० साली तिथे क्रेन कोव्ह पार्क खुले झाले. जहाजे पाण्यात उतरवण्याचा जुना उतार आणि दोन प्रचंड क्रेन त्यात जागच्या जागी ठेवल्या आहेत. जुन्या कामाच्या खुणा जपल्या तर नव्याने राहायला आलेल्या माणसाला आपण कुठे राहतो ते कळते, आणि नवे शिल्प मागवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

पैशांचा प्रश्न तिथे दोन भागांत सोडवला आहे. नव्या बांधकामाकडून क्षेत्रफळानुसार शुल्क घेतले जाते आणि ते त्याच परिसरांतल्या वाहतुकीवर, रस्त्यांवर आणि उद्यानांवर खर्च करायचे असते. पण असे शुल्क एकदाच मिळते, त्यातून बाग उभी राहते आणि पाचव्या वर्षी तिला पाणी घालायला कोणी नसते. यावर उपाय म्हणून २०१५ साली डॉगपॅच आणि लगतच्या भागातल्या मालमत्ताधारकांनी मतदान करून स्वतःवर वार्षिक आकारणी लावून घेतली आणि तिच्यातून बागा, रस्त्याकडेची झाडे आणि वाफे यांची निगा राखली जाते. हा मार्ग सगळीकडे चालेल असे मी म्हणणार नाही, कारण जिथे लोकांचे उत्पन्न कमी आहे तिथे देखभालीचा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तिथे तो सर्वसाधारण अंदाजपत्रकातून यायला हवा. मात्र देखभालीचा पैसा कुठून येणार, हे लिहिल्याशिवाय कोणत्याही बागेला मंजुरी देऊ नये. झाडाभोवतीचे आळे सिमेंटने बुजवलेले दिसते, तेव्हा तो बुजवणाऱ्या मजुराचा दोष नसतो. त्या आळ्यातले तण काढण्यासाठी कोणाचीही नेमणूक झालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

काठावरची जमीन बहुधा भराव घालून तयार केलेली असते आणि तिच्याकडे डोळेझाक केली तर सगळे काम वाया जाते. भूजल उथळ आणि खारे असते, मातीत कारखान्यांचे तेल आणि धातू मुरलेले असतात. तिथे लहानशा आळ्यात लावलेले झाड दोन वर्षे तग धरते आणि मग शेंड्यापासून वाळू लागते. म्हणून स्वच्छ मातीचा पुरेसा जाड थर, पदपथाखाली मुळांना पसरायला सलग जागा आणि खारे वारे सोसणाऱ्या जाती, हे सारे रस्ता फोडलेला असतानाच ठरवावे लागते. पावसाळी गटारांची मुखे भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात आणि नेमका तेव्हाच जोराचा पाऊस झाला तर पाणी उलटे रस्त्यावर येते. ते काही तास धरून ठेवण्याची सोय बागांमध्ये आणि रस्त्याकडेच्या वाफ्यांमध्ये असली पाहिजे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी या भागात नव्या इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीवर नेले आहेत आणि जुने सखल धक्के फिरण्यासाठी तसेच ठेवले आहेत. वादळी भरतीत ते बुडतात आणि पाणी ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरात येतात. कोणती जागा कधी बुडणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे कोणाची फसगत होत नाही. आपल्या काठावर भिंत बांधून पाणी आणि माणूस दोघांनाही अडवण्यापेक्षा मला हा विचार अधिक प्रामाणिक वाटतो.

बसण्याच्या जागांविषयीही थोडे लिहितो, कारण आराखड्यात त्या शोभेच्या वस्तूंसारख्या मांडलेल्या असतात. शहरातल्या मोकळ्या जागांत माणसे कशी वावरतात याचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधील इमारतींपुढच्या चौकांचे चित्रण करून माणसे कुठे थांबतात ते पाहिले. चौक सोडला की बांधकामाला जादा क्षेत्रफळ मिळते, म्हणून विकासकांनी निर्माण केलेले ते चौक बरेचसे ओस होते, आणि जिथे बसायला जागा होती तिथे माणसे होती. त्यानंतर १९७५ साली तिथल्या नियमांत बदल होऊन चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची झाली. पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर याची गरज अधिकच आहे, कारण दम खायला मध्ये दोन ठिकाणी बाक नसेल तर ज्याचे गुडघे दुखतात त्याच्यासाठी तो रस्ता अर्ध्यावरच संपतो.

आणखी एक भीती आहे. काठ सार्वजनिक असतो, पण त्याकडे जाणारी वाट दोन इमारतींच्या आवारातून जाते, तिथे सुरक्षारक्षक उभा असतो आणि तो अडवत नसला तरी त्याच्या नजरेने माणूस परत फिरतो. कॅलिफोर्नियात १९६५ साली कायदा करून सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठासाठी एक आयोग नेमला गेला आणि काठावरच्या नव्या प्रकल्पांनी शक्य तितका अधिक सार्वजनिक प्रवेश द्यावा, असे बंधन आले. कायद्याइतकेच महत्त्व त्या वाटेच्या रूपालाही आहे. ती सार्वजनिक रस्त्याच्याच फरशीची असावी, तिच्यावर रस्त्याचेच दिवे असावेत, तिला नाव असावे आणि फाटक नसावे.

आपल्या दैनिकाकडे यानिमित्ताने एक विनंती आहे. पाण्याकाठच्या कोणत्याही योजनेची बातमी देताना पक्ष्याच्या नजरेतून काढलेल्या रंगीत चित्राबरोबर काठाकडे जाणाऱ्या एका तरी रस्त्याचा आडवा छेद मोजमापांसह छापावा: चालण्याची मोकळी रुंदी किती, झाडाच्या मुळांना माती किती, ओलांडायचे अंतर किती आणि भरतीची रेषा कुठे. हा छेद प्रशासनाकडे मागावा, आणि तो अजून तयार नसेल तर तसे बातमीत छापावे, म्हणजे भूखंडांच्या निविदा निघण्यापूर्वी हरकत घ्यायला वाचकांच्या हाती काहीतरी राहील.

आपला,
एक निवृत्त रस्ते अभियंता