तो आवाज प्रेसशॉपमधून आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडचे रॉक गायक ओझी ऑझबॉर्न गेले त्या आठवड्यात आपल्या दैनिकात त्यांच्यावर आलेला मजकूर मी मन लावून वाचला. स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलेला माणूस, सैतानी संगीताचा बादशहा, टीव्हीवरचा विक्षिप्त बाप, एवढंच त्यात होतं. ओझी आणि त्यांच्या तीन मित्रांनी १९६९ साली जी रेकॉर्ड केली, जिथून हेवी मेटल हा रॉक संगीतातला भारी, जोरकस प्रकार सुरू झाला असं त्या संगीतातले मोठमोठे वादक मानतात, तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली. मला त्याचं वाईट वाटलं. मी भोसरीत टूलरूममध्ये नोकरी केली, पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसचे डाय, म्हणजे साचे, बनवले आणि दुरुस्त केले. 'ब्लॅक सॅबथ' या बँडची त्याच नावाची ही पहिली रेकॉर्ड मला जन्मभर जवळची वाटली, कारण तिची गोष्ट प्रेसशॉपमध्ये सुरू होते.

चौघेही बर्मिंगहॅममधल्या ॲस्टन या कामगार वस्तीतले. गिटार वाजवणारा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. प्रेसवर एक बाई पत्रा घडवून पुढे द्यायची, हा तो जोडायचा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा 'आता परत जात नाही' म्हणाला, पण आईने काम पुरं करून ये म्हणून पाठवलं. त्या दिवशी ती बाई कामावर आली नव्हती. म्हणून ज्याने ते मशीन कधी चालवलं नव्हतं त्या पोराला प्रेसवर उभं केलं. प्रेस हातावर आला, त्याने घाबरून हात ओढला, आणि मधल्या दोन बोटांची टोकं मागे राहिली. हात उजवा. टोनी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

आमच्या भागात ही घटना कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ऑपरेटर दांडीवर, मग हेल्परला बसवा. हात आत जाऊ नये म्हणून असलेला गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेला. दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं, कारण त्याने स्ट्रोक लवकर पडतो आणि शिफ्टला पीस जास्त निघतात. अशी बटणं मी स्वतः सोडवली आहेत, आणि अशी बोटं पाहिलीही आहेत. त्यातले बहुतेक जण कंत्राटी. गावी परत गेले, पुढे त्यांचं काय झालं कुणी विचारलं नाही.

टोनीला डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. आगीत दोन बोटं निकामी झालेला हा जॅझ गिटारवादक उरलेल्या बोटांवर काय वाजवतो ते ऐक, म्हणाला. मग या पोराने जे केलं ते कुठल्याही टूलरूमवाल्याला पटेल. भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल एवढी जागा केली आणि बसेपर्यंत घासत राहिला. प्लॅस्टिक तारेवरून सटकायचं, म्हणून वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं. बारीक तारांचे सेट तेव्हा बाजारात मिळत नव्हते, तर बँजोच्या तारा आणून लावल्या. टोपण घातलेल्या बोटांना तार जाणवत नाही, म्हणून कान जास्त लावायचा. दोनच स्वरांचे भरीव, जोरकस आघात त्याच्या हाताला सोयीचे पडायचे, आणि सगळं जग आज ज्याला मेटलचा रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारा तुकडा, म्हणतं त्याचा पाया तोच आहे.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत चौघांनी ही रेकॉर्ड एका दिवसात वाजवून संपवली. निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रक टॉम ॲलम. रोजच्या कार्यक्रमात वाजवायचे तसंच समोरासमोर उभं राहून वाजवलं. पहिलं गाणं वाजवून झाल्यावर टोनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप, म्हणजे तारेचा आवाज उचलणारा भाग, गेला, मग जवळची दुसरी गिटार, गिब्सन एसजी, काढली आणि पुढचं सगळं तिच्यावर. तीच गिटार पुढे त्याची ओळख झाली.

सुरुवातीचा पाऊस, ढगांचा गडगडाट आणि देवळाची घंटा नंतर जोडलेली आहे. त्यामागून येणारे तीन स्वर मात्र मी आजही नीट बसून ऐकतो. षड्ज, वरचा षड्ज, आणि मग मधला तीव्र मध्यम, त्यावर हलणारं बोट. पंचम नाहीच. मारवा किंवा पुरिया ऐकणाऱ्याला ही अस्वस्थता ओळखीची आहे. पंचमाचा आधार काढला की तीव्र मध्यम कसा टोचतो, हे आपल्या गवयांना केव्हापासून ठाऊक आहे. इथे तो फार सावकाश, फार मोठ्याने येतो. मागे बिल वॉर्डचा ड्रम जॅझवाल्यासारखा मोकळा फिरतो, गीझर बटलरचा बास गिटारच्या अंगाला अंग लावून चालतो. दुसऱ्या गाण्यातला माउथऑर्गन ओझींचा. 'स्लीपिंग व्हिलेज' या गाण्यात मोरचंगही आहे, तो निर्मात्याने वाजवला. हे सगळं ज्यांना नुसता गोंगाट वाटतं त्यांनी एकदा हेडफोन लावून ऐकावं.

आता 'सैतानी' या शब्दाबद्दल. त्या पहिल्या गाण्यातला माणूस समोरच्या काळ्या आकृतीला घाबरून देवाचा धावा करतो आहे. रेकॉर्डच्या कव्हरच्या आतल्या पानावरचा उलटा क्रूस रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता छापला होता. चौघांच्या गळ्यात जे क्रूस असायचे ते ओझींच्या वडिलांनी आपल्या कारखान्यात बनवून दिले होते. ते टूलमेकर होते आणि रात्रपाळी करायचे. रात्रपाळीत वेळ काढून पोराच्या मित्रांसाठी धातूचे क्रूस घडवणारा बाप मला अगदी डोळ्यांसमोर दिसतो. आपल्या मजकुरात याला जागा मिळाली असती तर वाचकांना ओझी खरे कळले असते.

१३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, या दिवशी रेकॉर्ड बाजारात आली. अमेरिकेतल्या समीक्षकांनी झोडपली, पण लोकांनी घेतली, ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच वर्षी आलेली 'पॅरानॉइड' पहिल्या क्रमांकावर पोचली. १९७१च्या तिसऱ्या रेकॉर्डवर टोनीने बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल केल्या, पेटीच्या हिशेबात तीन पट्ट्या खाली. दुखऱ्या बोटांसाठी काढलेली ही वाट पुढे धडधाकट बोटांच्या हजारो गिटारवादकांनी धरली. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले, आणि त्यांच्याआधी मेटॅलिका, स्लेयर, ॲन्थ्रॅक्स, गन्स अँड रोझेस या बँडनी वाजवलं. मिळकत पार्किन्सन्स या आजारावरच्या कामाला, मुलांच्या रुग्णालयाला आणि गंभीर आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेला दिली गेली. ओझी त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलैला गेले.

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत या रेकॉर्डवर एक नीट लेख छापा, वटवाघूळ बाजूला ठेवून. आणि आमच्या औद्योगिक पट्ट्यात प्रेसवर कुणाची बोटं जातात तेव्हा आपल्याकडे आतल्या पानावर दोन ओळी येतात. त्या दोन ओळींत आणखी दोन गोष्टी विचारून छापा. मशीनवर गार्ड होता का, आणि त्या माणसाला ते मशीन चालवायला कुणी शिकवलं होतं का.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, भोसरी