आंटी, तुमचे मनापासून आभार

आदरणीय आंटी,

तुमच्या भागातल्या मुलांच्या हृदयरोगावरचा माझा प्रबंध विद्यापीठाने मंजूर केला. आभाराच्या पानावर पहिला उल्लेख तुमचाच आहे, पण तेवढ्या दोन ओळींनी माझं समाधान होईना. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण दारोदार फिरून मुलांना इंजेक्शनसाठी आणण्याचं तुमचं काम माझ्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला फोनवर इंग्रजीत वाचून दाखवेनच.

घशाच्या किंवा त्वचेच्या साध्या संसर्गातून रूमॅटिक फीवर होतो आणि तो पुन्हापुन्हा झाला की हृदयाच्या झडपा निकामी होतात. बाकी ऑस्ट्रेलियातून हा आजार जवळजवळ हद्दपार झालाय. उत्तरेकडच्या तुमच्या आर्नहेम लँडमधल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, मुलांना मात्र तो अजूनही गाठतो. त्याला रोखायचं तर दर २१ ते २८ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. आणि ते फार दुखतं.

तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा इंजेक्शनच्या नावाने मागच्या दाराने पळाला, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. त्याच्या आजीशेजारी अंगणात बसलात, मासेमारीच्या गप्पा काढल्यात. थोड्या वेळाने तोच येऊन तुमच्या गाडीत बसला. दवाखान्याच्या नोंदीत अशा मुलापुढे फक्त ‘डोस चुकला’ एवढंच लिहिलेलं असतं.

घरात किती जण झोपतात, न्हाणीघराचा नळ चालतो का, बिघडला तर दुरुस्तीला कोण येतं आणि कधी, हे प्रश्न माझ्या प्रश्नावलीत तुमच्यामुळे आले. प्रबंधातलं सगळ्यात भक्कम प्रकरण त्यांवरच उभं आहे. दाटीवाटीच्या घरात जंतू एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. तिथे एकट्या इंजेक्शनने कितीसं निभावणार?

आधी वडीलधाऱ्यांची परवानगी, आणि निष्कर्ष विद्यापीठाआधी गावाला, ही तुमची अट होती. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला ती घालायला हवी, असं मला आता ठाम वाटतं.

तुमच्याबरोबर दारोदार फिरताना आमच्या गावच्या आशाताई आठवायच्या. मानधन तुटपुंजं, आणि गावाचा भरवसा मात्र सगळा त्यांच्यावर. रूमॅटिक हृदयरोग भारतातही आहे, तोही गरिबाच्याच घरी. पुढचं काम तिथे करायचं ठरवलंय, आणि सुरुवात आशाताईंना विचारूनच करणार आहे.

गावाला आधीच सांगितलेल्या निष्कर्षांचा, दवाखान्यात लावायचा चित्रफलक आता तयार आहे. तुमच्या भाषेतला मजकूर तुम्ही तपासल्याशिवाय तो छापायला देणार नाही. पावसाळा संपून रस्ते सुकले की घेऊन येते.

तुमची,
नागपूरची विद्यार्थिनी