ताई, सही तुमचीच होती

प्रिय ताई,

इथे ब्रिटनमध्ये तुम्ही सीनियर डॉक्टर, तरी वॉर्डात सगळे तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारायचे. मिरजेत 'सर-मॅडम' करत वाढलेल्या माझ्या जिभेला ते काही जमेना. पहिल्याच आठवड्यात मी 'मॅडम' म्हटलं, तर तुम्ही वळून म्हणालात, "मॅडम इथे फक्त राणीला म्हणतात. ताई म्हण."

२०१९च्या नोव्हेंबरात आले तेव्हा परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅब परीक्षेचे दोन्ही भाग झालेले, जीएमसीचं, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन हातात, आणि नोकरीचं नाव 'क्लिनिकल फेलो'. फेलो म्हणजे काहीतरी मोठं, असं आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं. कँटीनमध्ये तुम्ही ती हवा काढून घेतलीत. "अगं, काम एसएचओचं, म्हणजे ज्युनियर डॉक्टरचंच. पण ही शिडीची पायरी नाही, शेजारचा कट्टा आहे. बसायला बरा. माझी वीस वर्षं त्यावरच गेली."

मग कन्सल्टंट होण्याची शिडी समजावलीत. आयएमटीची, म्हणजे मेडिसिनच्या पायाभूत ट्रेनिंगची, तीन वर्षं, त्यातच फिजिशियन होण्यासाठीच्या एमआरसीपीच्या तिन्ही परीक्षा. मग रजिस्ट्रारचा नंबर, म्हणजे स्पेशालिस्ट ट्रेनिंगची जागा. जेरियाट्रिक्सला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या मेडिसिनला, एसटी४ ते एसटी७ अशी चार वर्षं. शेवटी सीसीटी, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, आणि मग कन्सल्टंट. परदेशी डॉक्टरला ट्रेनिंगच्या भरतीच्या पहिल्या फेरीतच अर्ज करता येईल, असा नियम नुकताच ऑक्टोबरात झाला होता, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. मी तर दुसऱ्या फेरीत उरलंसुरलं मिळेल म्हणून गप्प बसले असते.

पुढे कोविड आला. त्या महिन्यांबद्दल इथे लिहीत नाही, तुम्हीही कधी बोलत नाही.

एक रात्र मात्र सांगते. सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी, हृदय थकलेलं. सीपीआर करायचं नाही, हे कोणीतरी बोलायला हवं होतं. मी सवयीने मुलाला शोधत बाहेर निघाले. आपल्याकडे नातेवाइकांना व्हरांड्यात नेऊनच सांगतात. तुम्ही थांबवलंत. "आजी शुद्धीवर आहेत ना? मग आधी त्यांना विचार." तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" आजींनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. पेसेसच्या, म्हणजे एमआरसीपीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, संवादाच्या स्टेशनला मी पास झाले ती त्या खुर्चीमुळे.

आणि तो क्रेस्ट फॉर्म, डॉक्टरला मूलभूत कामं जमतात याचा दाखला. इथे पदवीनंतरची फाउंडेशनची दोन वर्षं न केलेल्याला आयएमटीच्या अर्जासोबत तो लागतोच. वर्षभर ड्युटी संपल्यावर थांबून तुम्ही माझे मिनी-सीईएक्स आणि सीबीडी हे मूल्यमापनाचे फॉर्म भरलेत, चुका दाखवल्यात, एलपी, म्हणजे मणक्यातून पाणी काढणं, शिकवलंत. पण फॉर्मवर सही कन्सल्टंटची लागते, आणि तुम्ही असोसिएट स्पेशालिस्ट, कन्सल्टंटच्या खालची श्रेणी. ज्यांनी सही केली ते भले गृहस्थ. माझ्यासमोरच त्यांनी तुम्हाला विचारलं, "जमतं ना हिला सगळं?" तुम्ही "हो" म्हणालात. त्यांनी पेन काढलं.

तुम्हाला तेव्हा काय वाटलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मुलांच्या शाळेसाठी एकाच गावात राहायचं म्हणून तुम्ही स्टाफ ग्रेडची, ट्रेनिंगबाहेरची, जागा धरलीत. नंबर घेतला असता तर दर वर्षी नवं हॉस्पिटल, नवं गाव. पुढे असोसिएट स्पेशालिस्ट झालात आणि २००८ मध्ये ती श्रेणी नव्यांसाठी बंद झाली. म्हाताऱ्यांचे वॉर्ड इथल्या डॉक्टरांना नकोसे असताना आपल्याकडच्या लोकांनी ते उचलून धरले. त्यातल्या कितीजणांच्या हाताखाली शिकलेली मुलं पुढे त्यांचेच कन्सल्टंट झाली, याची मोजदाद कुठे असेल असं वाटत नाही. मला याचा राग येतो. तुम्हाला येत नाही, याचाही येतो.

मी आता एसटी५ला आहे. सगळं नीट झालं तर २०२८ मध्ये सीसीटी. तुम्ही गेल्या महिन्यात निवृत्त झालात, निरोपाच्या केकवर नाव चुकीचं लिहिलं होतं आणि तुम्ही हसून तो कापलात.

तुमच्या गॅरेजमध्ये सीईएसआरच्या, म्हणजे इथल्या ट्रेनिंगशिवाय स्पेशालिस्ट म्हणून नोंद होण्याच्या, अर्जासाठी जमवलेली हजारेक पानं तीन खोक्यांत पडून आहेत. अर्ज तुम्ही कधी केलाच नाहीत. आता तर त्याचं नावही बदलून पोर्टफोलिओ पाथवे झालंय. रद्दीत देणार आहात असं कळलं. देऊ नका. शनिवारी मी गाडी घेऊन येते.

तुमची,
मिरजेची फेलो