हजेरीपत्रक घेऊन आंब्याखाली आलेल्या बाईंना

बाई,

तुमची बदली झाली. निरोपाच्या दिवशी चार शब्द बोलायचं ठरवून आले होते, पण नारळ तुमच्या हातात देताना घसा दाटून आला आणि नुसती मान हलवून मी बाजूला झाले. तेव्हाचं राहिलेलं इथे लिहिते आहे, सगळ्यांसमोर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शहर सोडून गावी आलो, तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता आणि शाळेचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं. आधीच्या शाळेने (नाव घेत नाही, फी मात्र अजून आठवते) डायरीत लाल शाईने लिहून पाठवलं होतं, मुलगा खिडकीबाहेर बघत बसतो. त्यावर उपायही त्यांनीच केला. त्याला भिंतीकडच्या बाकावर बसवलं. वर्ष संपताना आम्हाला बोलावून म्हणाले, 'याचं काहीतरी बघा.' खिडकीबाहेर काय दिसतं, हे त्याला कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

तुमच्या शाळेत पहिल्या दिवशी तो वर्गात शिरलाच नाही. गडग्याजवळच्या आंब्याखाली जाऊन उकिडवा बसला. मी ओशाळून त्याचं बखोट धरणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'असू दे.' आतून हजेरी ऐकू येत होती. ११ मुलांची हजेरी, संपायला कितीसा वेळ लागणार! मला वाटलं, पडला याचा खाडा. तर तुम्ही हजेरीपत्रक काखेत मारून बाहेर आलात, त्याच्या शेजारी मातीत बसलात आणि आडनावासकट त्याचं नाव वाचलंत. त्याने मान वर केली नाही. तुम्ही जरा थांबलात. मग त्याच्याकडे नाही, आंब्याकडे बघत म्हणालात, 'हजर आहे.' आणि खूण केलीत.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. हा रेनकोट घालून तिथेच. तुम्ही एका हातात छत्री आणि पदराखाली हजेरीपत्रक घेऊन आलात. असे आठ दिवस. नवव्या दिवशी तो स्वतःच 'हजर' म्हणाला. वर्गात कधी जाऊन बसायला लागला, ते मला नीटसं आठवतही नाही.

आंब्याखाली तो हुमले बघत होता. आमच्यासाठी हुमले म्हणजे आंबे काढताना कडकडून चावणारी मुंग्यांची जात, एवढंच. त्याने तुम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, 'पानं शिवायला हे दोरा कुठून आणतात?' तुम्ही उत्तर दिलं नाहीत, भिंग दिलंत. काही दिवसांनी तो घरी धावत आला. बाकीचे हुमले पानं ओढून धरतात आणि एक जण तोंडात पांढरी अळी घेऊन ती इकडून तिकडे फिरवतो. दोरा त्या अळीतून निघतो, आई, त्यांच्या पिल्लातून! माझा जन्म याच तालुक्यातला. मला हे ठाऊक नव्हतं.

बेरीज-वजाबाकी काजूच्या बियांवर झाली, दहा-दहाचे ढीग करून. अक्षरांआधी मातीचे गोळे वळणं, वाल सोलणं, ओल्या मातीत काडीने रेघा. 'बोटांत जोर आला की पेन्सिल आपोआप धरतो,' तुम्ही म्हणायचात. धरली त्याने.

एकदा तुमचं कौतुक करायला लागले, तर तुम्ही झटकून टाकलंत, 'हे माझं कुठलं, कोसबाडचं आहे.' मग शोधून वाचलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. गुरं राखणाऱ्या मुलांना अंगणातही येता येईना, तेव्हा शाळा कुरणावर गेली. कुरणशाळा! ते वाचताना मला तुमची छत्री दिसत होती.

हल्ली शहरात हेच 'नेचर बेस्ड' म्हणून विकायला आहे. माहितीपत्रकावर वडाचं झाड आणि आवारात प्लास्टिकचं गवत. असो.

तुम्ही मात्र खिचडीचा हिशेब, निवडणुकीची कामं, वरून येणारे तक्ते हे सगळं उरकून, कोणी बघत नसताना, एका मुलाशेजारी चिखलात बसलात. चांगुलपणा असाच असतो बहुतेक, त्याचा फोटो कोणाकडे नसतो. मीही तेव्हा फोन बाहेर काढला नाही, याचं आता बरं वाटतं.

निरोपाला त्याने तुम्हाला एक पुडी दिली, आठवतं? तिच्यात यंदाच्या काजूच्या बिया आहेत. किती आहेत ते मी मोजलेलं नाही. त्याने मोजल्यात.

तुमच्या शाळेतल्या एका मुलाची आई