तापात सांभाळायला आम्ही चाललो, कायमचं ठेवायला नाही

दि. ३० ऑगस्ट २०२५
सोलापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
प्राणी दत्तक सेवा

विषय : तात्पुरत्या सांभाळासाठी दिलेली कुत्री दत्तक देण्यास नकार, औषधांची थकलेली बिलं आणि तिच्या आरोग्य नोंदीतल्या चुका.

महोदय / महोदया,

तुमच्या ॲपवर तिचं नाव ‘ल्यूना’ आहे. आमच्या घरात ती कांडी झाली. आमच्याकडे आल्यावर चार दिवस ती कोपऱ्यातून हलली नव्हती. पाचव्या दिवशी उठली आणि घरामागच्या यंत्रमागाच्या शेडच्या दारातून सुताची एक कांडी तोंडात धरून थेट माझ्यापुढे आली. त्या दिवसापासून गल्लीत सगळे तिला याच नावानं ओळखतात, म्हणून पत्रात मीही तेच लिहिते.

‘सोलापुरात तातडीनं फोस्टर हवे’, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं घर हवं, असा तुमचा मेसेज ९ जूनला आला. संध्याकाळी तुमच्या स्वयंसेविकेनं तिला रिक्षातून आणून दिलं. तेव्हा आमच्या घराला कंपाउंड आहे का, घर भाड्याचं की मालकीचं, मागे यंत्रमाग चालतात का, यातलं काहीही कोणी विचारलं नाही. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, एवढंच सांगितलं. तिच्या कानाच्या आत एरंडाच्या बियांसारखे टम्म फुगलेले गोचीड एकाला एक चिकटून बसले होते. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, तर गोचीड ताप निघाला. प्लेटलेट फक्त ४२ हजार. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन २८ दिवस सांगितली आणि बजावलं की गोळी रिकाम्या पोटी नको, दूध-दह्यातही नको, त्यानं औषध नीट लागू पडत नाही. तोवर आम्ही तिच्यासाठी दहीभातच कालवत होतो. मग ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चिकनच्या पाण्यात भिजवायचा, त्यात गोळी दाबायची आणि तिनं गिळेपर्यंत समोर बसून राहायचं, असं २८ दिवस चाललं. सासूबाई गुडघेदुखीनं खाली बसत नाहीत, पण त्यासाठी बसायच्या. ७ जुलैला गोळ्या संपल्या आणि नंतरच्या तपासणीत प्लेटलेट २ लाख १० हजार आल्या. तो कागद घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पंधरा दिवसांचे पुढे सत्तेचाळीस दिवस झाले. ते आम्हाला जड गेले नाहीत. म्हणूनच १४ जुलैला आम्ही तिला दत्तक घेण्याचा रीतसर अर्ज केला. नोंदणीचे ९९९ आणि घर-तपासणीचे १,५०० रुपये भरले. तपासणी म्हणजे सहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. बाल्कनीला जाळी आहे का ते दाखवा, असं मला सांगण्यात आलं. आमच्या घराला बाल्कनीच नाही. मग कंपाउंड दाखवा म्हणाले. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारख्या कितीतरी घरांचे उंबरे सरळ गल्लीत उतरतात, पुढे खोली आणि मागे माग. कॉलवरच्या मॅडमनी कांडीला मात्र एकदाही कॅमेऱ्यासमोर आणायला सांगितलं नाही. ती माझ्या पायाशीच बसली होती.

२१ जुलैला नकार आला. कारणं अशी : भाड्याचं घर, कंपाउंड नाही, मागांचा आवाज, आणि पूर्वी कुत्रा पाळल्याचं लसीकरण कार्ड नाही. घरमालकांनी हातानं लिहून दिलेलं संमतीपत्र मी अर्जालाच जोडलं होतं. ते उघडून पाहिलेलं दिसत नाही. आधीचा कुत्रा गल्लीतलाच होता, अकरा वर्षं आमच्या दारात जगला, त्याला रेबीजची लस दर वर्षी दिली, पण कार्ड जपून ठेवायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ही चूक आमची, मान्य आहे. आवाजाचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. माग सुरू असले की नव्या माणसाला शेजारी बसून बोलता येत नाही. पण शेड घराच्या मागे, मधे भिंत आणि दार. पुढच्या खोलीत निजायची सोय असूनही कांडी दुपारी आपणहून त्या दारापाशी जाऊन झोपायची. शेगावच्या पालखीला शहरात गर्दी आणि टाळ-मृदंगाचा गजर होता, तेव्हाही ती घाबरून कुठे लपली नाही. इतके दिवस तिला जवळून पाहणाऱ्यांना कोणी एक फोन करून विचारायला हवं होतं.

तुमच्या पानावर तिच्यापुढे ‘नसबंदी बाकी’ आणि ‘रेबीज लस बाकी’ असं लिहिलंय. तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याची ती खूण असते, आणि दवाखान्यातही तेच सांगितलं. रेबीजची लस १२ जुलैला आम्ही दिली. दोन्हींचे फोटो मी तीन वेळा पाठवले. नोंद आजही तशीच आहे. नव्या घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवून तिला पुन्हा भूल देऊन टेबलावर घेतलं तर? तिचं रक्त आत्ता कुठे भरून आलंय.

२५ जुलैच्या रात्री पावणेअकराला मेसेज आला, ‘पुण्यात घर मिळाले, उद्या सकाळी गाडी येईल.’ शनिवारची सकाळची शाळा असल्यानं मुलगा घरी नव्हता. परत आला तेव्हा तिचं ताट पालथं घातलेलं पाहून त्यानं मला काही विचारलं नाही. पुण्याच्या कुटुंबाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तिला आता परत आणा, असंही मी म्हणत नाही. दुसऱ्यांदा घर बदलणं तिला सोसणार नाही.

२२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांबद्दल जो आदेश दिला, त्यात प्राणिप्रेमींना दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येईल असं म्हटलंय, आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची ठेवलीय. ती जबाबदारी उचलायला तयार असलेली माणसं आमच्यासारख्या गल्ल्यांतही आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये मात्र फक्त फ्लॅट आणि बंगला बसतो.

औषधं आणि तपासण्यांचे ३,८६० रुपये परत देऊ असं तुम्ही जूनमध्ये लेखी कळवलं होतं. बिलं पाठवूनही उत्तर एकच, ‘प्रक्रियेत आहे.’ ही रक्कम आणि घर न पाहताच घेतलेले तपासणीचे १,५०० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाईन. जो सांभाळतोय त्याला दत्तकासाठी आधी विचारायचं, नकार द्यायचा तर घरी येऊन पाहून द्यायचा, हा नियम तुम्ही करावा अशी माझी मागणी आहे. स्वयंसेविका इथेच राहते, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर.

पैशांचं काय व्हायचं ते होईल, पण एक काम आजच करा. कांडीच्या फाइलची झेरॉक्स सोबत जोडली आहे, दोन्ही रक्ततपासण्या आणि लसीच्या पावतीसकट. ती पुण्याच्या घरी पोहोचवा. गोचीड ताप उलटू शकतो, म्हणून ती मलूल दिसली, जेवण सोडलं किंवा हिरड्या फिक्या वाटल्या तर लगेच प्लेटलेट तपासायला सांगा. गोळी द्यायची वेळ आली तर भाकरी रश्शात भिजवून द्यावी, दह्यात नको. आणि ती पहिला घास घेऊन कोपऱ्यात जाते, तेव्हा तिच्या मागे जाऊ नये. परत येते.

आपली,
(सही)
भवानी पेठ, सोलापूर

सोबत : वैद्यकीय फाइलची झेरॉक्स, बिलं, घरमालकांचं संमतीपत्र, कानाच्या खुणेचे फोटो.