पासपोर्ट कोणाच्या कपाटात?

माननीय संपादक,

कतारमधील कामगार सुधारणांवरचा कालचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी तिथल्या सरकारची पाठ चांगलीच थोपटली आहे. 2018 मध्ये बहुतेकांची एक्झिट परमिटची, म्हणजे देश सोडायला मालकाची परवानगी घेण्याची अट गेली, 2020 मध्ये नोकरी बदलायला मालकाची एनओसी लागेनाशी झाली, 2021 पासून किमान मूळ पगार महिना हजार रियाल. सगळं खरं. पण कामगाराचा पासपोर्ट असतो कुठे, एवढं विचारायचं राहून गेलं.

मी दोह्यात एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी टिपणारा, होतो. उतरल्या उतरल्या मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, स्टँपिंगच्या नावाखाली सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन गेला. पुढे पताका (तिथल्या निवासी ओळखपत्राला आपले लोक हेच म्हणतात) हातात आली, पासपोर्ट मात्र ऑफिसच्या लोखंडी कपाटातच. कतारच्या 2015 च्या कायद्याप्रमाणे तो परत द्यायला हवा, नाहीतर 25,000 रियालपर्यंत दंड. पण त्याच कायद्यात अशीही सोय आहे की, कामगाराने लेखी विनंती केली तर मालकाला तो सांभाळता येतो. त्यामुळे जॉइनिंगच्या गठ्ठ्यात ही ‘विनंती’ टाइप करून तयारच असायची, अरबी आणि इंग्रजीत. शटरिंगचे सुतार, स्टील फिक्सर, सगळे रांगेने सह्या करून मोकळे. आपला पासपोर्ट दुसऱ्याने ठेवावा म्हणून एवढे लोक आतुर असतात, हे मला तिथेच कळलं!

रजेवर जायचं तर पासपोर्ट सुटायला दोन सहकाऱ्यांनी जामीन राहायचं. आमच्या खोलीतल्या प्लंबरच्या आईला अर्धांगाचा झटका आला, मी सही दिली. तो परत आला नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईला टाकून येणार तरी कसा? कंपनीने त्याचा व्हिसाखर्च माझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने वळता केला. तक्रार केली तर एचआरचा एकच प्रश्न, “सही तुमचीच ना?”

आपल्या 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. सरकारची मालमत्ता परमुलखातल्या कंत्राटदाराच्या कपाटात कुलूपबंद, आणि सरकारला त्याचं काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या स्थलांतरित कामगार करारातलं 21वं कलम अशा कागदपत्रं जप्त करण्यावरच आहे. त्या करारावर एकाही आखाती देशाने मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. आपणही नाही. मग त्यांना जाब विचारायचा तो कोणत्या तोंडाने?

ता. क. : त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत ‘गल्फसाठी त्वरित पाहिजेत’ म्हणून मोबाइल नंबरांची रांग लागली आहे. एजंटचा परवाना क्रमांक एकातही नाही. एजंटला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, एवढी ओळ तरी शेजारी छापा. जागा कमी पडली तर या पत्राला कात्री लावा. नाहीतरी लावताच.

आपला,
एक माजी टाइमकीपर