टिल्लूच्या डोळ्यांतली चिपडं

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पिल्लाच्या, टिल्लूच्या डोळ्यांचे फोटो पाहिले. सकाळी नाकाकडच्या कोपऱ्यात थोडं तांबूस, वाळलेलं चिपड दिसतं, ते सगळ्याच कुत्र्यांना येतं. पण त्याच्या उजव्या डोळ्यात पिवळा चिकट पू आहे आणि तो डोळा त्याने अर्धवट मिटून घेतलाय. पुवापेक्षा हे मिटणं मला जास्त खटकतंय. डोळा दुखत असला की कुत्रं तो बारीक करतं. एकाच डोळ्याला असं झालं तर बहुतेक वेळा आत काही गेलेलं असतं, नाहीतर बुबुळावर ओरखडा असतो. त्यामुळे आजच डॉक्टरकडे ने, रविवारची वाट बघू नकोस.

तोवर घरातले कुठलेही ड्रॉप्स घालू नकोस. माणसांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइड ती भरू देत नाही, जंतूंचं फावतं आणि बुबुळाला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. वरची लाली मात्र लवकर उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. गुलाबपाणी, मध, चहाचं पाणी यातलंही काही नको, कुणी कितीही सांगितलं तरी.

नुसता साफ कर. केमिस्टकडून ०.९ टक्क्यांच्या नॉर्मल सलाईनची १०० मिलीची बाटली आणि निर्जंतुक गॉज आण. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. हात धू, टिल्लूला पाठ तुझ्याकडे करून मांडीत घे आणि एका हाताने हनुवटी धर. सलाईनने ओला केलेला गॉज मिटलेल्या पापणीवर मिनिट-दोन मिनिटं नुसता ठेव. चिपड मऊ झालं की नाकाकडून कानाकडे हलकेच पूस. सुकलेलं ओढून काढलंस तर केस उपटतात आणि कातडी सोलते. चांगला डोळा आधी, आणि प्रत्येक वेळी नवा गॉज. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेव, २४ तासांनी टाकून दे. दिवसातून दोन-तीनदा पुरे. दवाखान्यात निघायच्या आधी मात्र पुसू नकोस, पू कसा आहे तो डॉक्टरांना दिसू दे.

तिथे बुबुळाला रंग लावून तपासायला सांग. नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावतात, मग निळ्या उजेडात जखमेची जागा हिरवी चमकते. हे केल्याशिवाय स्टेरॉइडचे ड्रॉप्स घेऊ नकोस. अश्रू कमी पडतायत का हे बघायला कागदाची पट्टी मिनिटभर पापणीत ठेवतात. १५ मिमी किंवा जास्त भिजली तर ठीक. परळचं जनावरांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल तुला माहीत आहेच.

आता यापेक्षा महत्त्वाचं. पू दोन्ही डोळ्यांत आला, नाकही वाहू लागलं, खोकला, जुलाब किंवा १०३ फॅरनहाइटच्या वर ताप आला, पिल्लू मलूल पडलं, तर डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांच्या एका संसर्गजन्य विषाणूच्या आजाराचा, संशय घ्यायचा. या विषाणूवर थेट औषध नाही, फक्त आधाराचे उपचार. अशा वेळी आधी फोन करून सांग, म्हणजे बाकीच्या पिल्लांमध्ये त्याला बसवणार नाहीत. टिल्लूला त्याच्या लसीचा एकच डोस झालाय. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. तोपर्यंत कंपाउंडमधल्या कुत्र्यांत सोडू नकोस.

घरात फिनेलने लादी पुसणं, मच्छर कॉइल आणि अगरबत्ती काही दिवस बंद ठेव. त्याचं नाक-डोळे जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्यात शेजारी इमारत पाडतायत, ती धूळही खालीच बसते. खिडकी लाव, लादी साध्या पाण्याने पूस.

डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले तर मागून, डोक्यावरून हात नेऊन एक थेंब सोड. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे, मलम शेवटी. पंजाने चोळत असेल तर पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाल, चिडला तरी काढू नकोस. डोळा स्वच्छ दिसला तरी सांगितलेले दिवस पुरे कर.

निघताना लसीचं कार्ड घे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते रात्री फोन करून कळव.

तुझी,
आई